दसऱ्याचे कुंकू आणि कार्बनची चाके

विषय: कार्बनची दोन चाके, त्यांवर चिकटवलेले दोन टायर आणि त्यांच्यापायी तुटलेला एक शेजार.

तक्रारदार: मी स्वतः. त्या वेळी वय अठ्ठेचाळीस, मुक्काम मिल्टन कीन्स, काम गोदामात पाळीवर, शिक्षण नववी पास.

ज्याच्याविषयी तक्रार: शेजारच्या घरात राहणारा, पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला, बत्तीस वर्षांचा कॉम्प्युटरवाला.

साक्षीदार: एक, सायकलच्या दुकानाचा इंग्रज मालक. दोन, शेजाऱ्याची पत्नी. तीन, रविवारी आमच्याबरोबर सायकल चालवणारे तिघे जण.

काळ: दोन हजार सालानंतरच्या दशकाचा उत्तरार्ध, उन्हाळ्यापासून दसऱ्यानंतरच्या रविवारपर्यंत आणि पुढे काही आठवडे.

दुसऱ्यांचे अर्ज लिहिताना मी सर्वांत आधी नाव विचारतो. येथे नाव कोणाचेच दिलेले नाही. वाचताना ज्याला आपले वाटेल, त्याने ते आपले समजावे.

आता हकिकत. आमच्या भागातील मराठी घरांत कौन्सिलचे पत्र आले, पार्किंगचा दंड आला किंवा सासूबाईंच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र हवे असले की ते काम माझ्याकडे येत असे. मोठ्या पदव्या घेतलेली माणसेही येत. त्यांना इंग्रजी माझ्याहून चांगले येते. परंतु कोणत्या वाक्यात नमते घ्यावे आणि कोणत्या वाक्यात मान ताठ ठेवावी, हे मला कळते. ही विद्या मी लायब्ररीत बसून, जुनी पत्रे उतरवून मिळवली. तिचा मला अभिमान होता व आहे.

दुसरा अभिमान रविवारचा. आम्ही पाच जण सकाळी सायकली काढत असू. शहरातून रेडवेने, म्हणजे सायकली आणि पादचाऱ्यांसाठी राखलेल्या लाल वाटेने, बाहेर पडायचे, मग खेड्यांच्या अरुंद रस्त्यांनी ब्रिकहिलची चढण चढून परत यायचे. पुढे कोणी राहायचे हे कधी ठरले नव्हते. मीच पुढे असे. माझी सायकल एका इंग्रज म्हाताऱ्याकडून घेतलेली, चाके अ‍ॅल्युमिनियमची, जड. बाकीचे तिघे मला दादा म्हणत. शेजारी मात्र पहिल्या दिवसापासून काका म्हणे. सोळा वर्षांच्या अंतराला काका म्हणणे अपमान नव्हे, हे मला मान्य आहे. तरी टोचत असे.

ती चाके मी दोन वर्षे पाहत होतो. दुकानाच्या काचेमागे टांगलेली, काळी, न चमकणारी. रिम किती खोल असावी, टायर कोणता लावावा, हे मी लायब्ररीतल्या मासिकांतून वाचून, मनात पक्के करून ठेवले होते. फार खोल रिम घेतली तर उघड्या माळावर आडवा वारा तिला धरतो, म्हणून मध्यम. टायर आतून ट्यूब घालायचा नव्हे, तर रिमला गोंदाने चिकटवायचा. तो हलका असतो. रुंदीला पंचवीस मिलिमीटर, कारण सगळे तेवीस घेतात आणि खड्ड्यांतून हाडे खिळखिळी करून घेतात. विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. निवड मात्र पूर्ण झाली होती.

ऑगस्टात शेजारी म्हणाला, “काका, शनिवारी जरा माझ्याबरोबर येता का? चाकं घ्यायचीत. तुम्हाला यातलं कळतं.”

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

दुकानात त्याने सर्वांत खोल रिमवर बोट ठेवले. मी म्हणालो, “वाऱ्यात पतंग होशील.”

तो हसला. “मग कुठली?”

मी ती दाखवली. माझी. त्याने एकदा हातात तोलली आणि म्हणाला, “ओके, डन.” टायरही मी सांगितला तोच घेतला. दोन वर्षांची माझी निवड चार मिनिटांत त्याची झाली. त्या चाकांत मालकी सोडून सर्व काही माझे होते.

इतक्यात त्याला ऑफिसचा फोन आला आणि तो बोलत फुटपाथवर गेला. दुकानाच्या मालकाने कार्बनसाठीचे वेगळे ब्रेक पॅड पिशवीत घातले आणि मला सांगितले, “ब्रेक जिथे घासतो ती रिमची पट्टी कोरडी आणि स्वच्छ ठेवायची. तेल, ग्रीस, पॉलिश, एक थेंबही नको. कार्बनवर ब्रेक मुळातच उशिरा धरतो. सांगाल ना त्यांना?”

“सांगतो,” मी म्हणालो. ही सूचना फक्त मी ऐकली, याची नोंद घ्यावी.

परतताना गाडीत मी ते सांगणारच होतो. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा त्याला रविवारच्या मंडळींपैकी एकाचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकला. पलीकडून प्रश्न आला, “कुठली घेतलीस रे शेवटी?” शेजाऱ्याने खोली, टायर, रुंदी, सगळे घडाघडा सांगितले. वाऱ्याचे कारणही सांगितले, माझ्याच शब्दांत, पतंगासह.

“भारी! तुला एवढं कसं कळलं?”

“नेटवर सायकलवाल्यांच्या फोरमवर वाचलं रे. रिसर्च केल्याशिवाय मी काही घेत नाही.”

मी शेजारच्या सीटवर, मांडीवर त्याच्या चाकांची पिशवी घेऊन बसलो होतो. माझे नाव निघेल म्हणून मी पुढचा राउंडअबाउट येईपर्यंत वाट पाहिली. ते निघाले नाही. मग दुकानाच्या मालकाची सूचनाही मी माझ्याजवळच ठेवली.

टायर चिकटवून, गोंद सुकवून चाके तयार झाली. परंतु त्याने ती दसऱ्यापर्यंत चढवली नाहीत. गावाकडून आईने सांगितले होते, पूजा करूनच वापर. दसऱ्याला त्याच्या गॅरेजात मोटार, लॅपटॉप आणि सायकल अशी रांग लावली. वयाने मोठा म्हणून पूजेला मी. आपट्याची पाने येथे कोठली, म्हणून कुंपणाच्या झुडपाची पाने तबकात होती. हँडलला झेंडूची माळ घातली. चाकावर कुंकवाचे बोट टेकले, तर पाण्यात कालवलेले कुंकू त्या गुळगुळीत काळ्या कार्बनवर ठरेना.

“काका, ओघळतंय हो,” त्याची पत्नी म्हणाली.

“समईतलं तेल दे थोडं,” मी म्हणालो.

तेलात कुंकू छान धरले. दोन्ही चाकांना, दोन्ही अंगांनी, पाच-पाच बोटे. नेमकी ब्रेक घासतो त्या पट्टीवर. रिमवर ठसठशीत दिसण्यासारखी जागा तीच. शेजाऱ्याने आईला पाठवण्यासाठी फोटो काढला. “काका, एक नंबर!”

अर्जात एक वाक्य असे असते की ते गाळले तर सारा अर्ज खोटा ठरतो. ते वाक्य हे: बोट टेकताना मला दुकानाचा मालक आठवला. रविवारपर्यंत पुसायला सांगू, असे मी मनाशी म्हटले आणि दुसऱ्या चाकाकडे वळलो.

रविवारी ब्रिकहिलच्या चढणीवर तो माझ्या बाजूने वर निघून गेला. दम न लागता मागे वळून म्हणाला, “काका, येताय ना?” माथ्यावर चौघे पाणी पीत उभे होते, तेथे मी शेवटचा पोचलो.

“दादा, आज प्रमोशन,” एक जण म्हणाला. “गार्डाच्या डब्यात!”

सगळे हसले. शेजारी जरा कमी हसला, हेही लिहिले पाहिजे. त्याच्या चाकांवर लाल ठिपके स्पष्ट दिसत होते. सांगायला पाच मिनिटे होती. त्या पाच मिनिटांत मी माझ्या बुटाची नाडी दोनदा बांधली.

उताराच्या तळाशी रेल्वेचे फाटक आहे. आम्ही अर्ध्यावर असताना दिवे लागले आणि दांडा खाली येऊ लागला. इतरांचे वेग उतरले. त्याचा उतरेना. मला मागून त्याची मूठ ब्रेकवर आवळलेली दिसत होती. शेवटच्या क्षणी त्याने सायकल डावीकडे काटेरी कुंपणात घातली.

पहिला मी पोचलो. त्याचा खांदा पुढे वाकडा आला होता. गळपट्टीचे हाड मोडले होते. “काका, धरलाच नाही ब्रेक,” तो म्हणत होता. “दाबला हो मी.” मी त्याच्या डोक्याखाली माझे जाकीट ठेवले. नंतर इतर येण्याआधी खिशातला रुमाल काढला आणि दोन्ही रिम पुसल्या. रुमाल गुलाबी झाला. कोणी पाहिले नाही.

पुढच्या आठवड्यात हात झोळीत अडकवून तो माझ्या घरी आला. “तुमची अ‍ॅल्युमिनियमचीच बरी, काका. कार्बनला ब्रेकच लागत नाही. दुकानदाराला एक पत्र लिहून द्या. तुमच्यासारखं कोणाला जमणार नाही.”

इतके दिवस मला हेच ऐकायचे होते. मी लिहिले. सदोष माल विकला, धोक्याची कल्पना दिली नाही, अशी कलमे मांडली. माझ्या हातून उतरलेल्या पत्रांत ते सर्वोत्तम असावे. त्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

उत्तर त्याच्या पत्त्यावर गेले. एका संध्याकाळी कामावरून परतलो, तर ते माझ्या दाराच्या पत्रफटीतून आत पडलेले होते. दुकानाच्या मालकाने दोनच वाक्ये लिहिली होती: रिमला तेल लागू देऊ नये ही सूचना मी स्पष्ट दिली होती, आपल्यासोबत आलेल्या गृहस्थांना विचारावे. त्याखाली शेजाऱ्याने काही लिहिले नव्हते. त्याने मला विचारलेच नाही. हाड जुळल्यावरही रविवारी तो आला नाही आणि नाताळापूर्वी कार्डिफला नोकरी घेऊन निघून गेला. निघताना त्याच्या पत्नीने माझ्या पत्नीला डबे परत दिले; धुऊन, रिकामे. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत.

मी पुन्हा पुढे असतो. मागून कोणी काका म्हणत नाही.

सबब विनंती अशी की, ज्याच्याविषयी ही तक्रार लिहायला घेतली, त्यानेच तिचा निवाडा करावा. निवड माझी होती आणि ती तू फोरमच्या नावावर खपवलीस, हे माझे म्हणणे कायम आहे. तेल माझे होते, हे तुझे म्हणणे, जे तू कधी मांडले नाहीस, ते मी येथे मांडून मान्य करतो. दुकानदाराला खुलाशाचे पत्र मी आजच वेगळे पाठवत आहे. रुमाल पुराव्यादाखल जपून ठेवला आहे. निकाल कोणताही असो, शिव्या असल्या तरी चालतील, कृपया लेखी कळवावा. पत्ता पूर्वीचाच आहे. तुला तो पाठ आहे.