डोळे उघडे ठेवून

राजारामपुरीतल्या एका गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर निशा सरवदेचं ऑफिस होतं. पाटीवर 'कोचिंग' हा शब्द होता, आणि त्या भागात त्याचा अर्थ एकच. जून आला की आया जिना चढून यायच्या आणि धापा टाकत विचारायच्या, "बारावी सायन्सची बॅच कवा सुरू हुतीय?" निशा सांगायची, "इथे मुलं येत नाहीत, कंपन्यांतले साहेब येतात. मी शिकवत नाही, त्यांच्याशी बोलते." एक बाई म्हणाली होती, "नुसतं बोलता?" तो प्रश्न निशाला बरेच दिवस टोचत राहिला.

मुळात निशाचा जीव एका जागी ठरणारा नव्हता. समोरच्याचं वाक्य तीच पुरं करायची. चहा उकळेपर्यंत दोन फोन उरकायची. एका कारखान्याच्या एचआरमध्ये बरीच वर्षं घासल्यावर तिने नोकरी सोडली, कोचिंगचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि त्यातच माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे सजगपणे लक्ष देण्याचं ध्यान, तिच्या हाती लागलं. नवरा प्रसेनजीत हसला. "लहानपणी आई विहारात ध्यानाला बसवायची तेव्हा मागच्या दाराने पळायचीस. आता तेच ऑनलाइन शिकतेस व्हय?" ती चिडली, कारण ते खरं होतं. पण त्या अभ्यासात पहिल्यांदाच तिच्या डोक्यातली गर्दी घटकाभर ओसरली होती. मग तिने ते सगळ्यांनाच द्यायला घेतलं. येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी डोळे मिटायला सांगायची आणि श्वासाकडे लक्ष द्यायला लावायची. बहुतेकांना बरं वाटायचं. एक बँक अधिकारी तर चक्क घोरला होता.

मग अमरसिंह आला.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो प्लांट हेड होता. उंचापुरा, आवाज भट्टीच्या वर चढणारा. मालक विजयसिंह यांनी त्याला पाठवलं होतं, कारण त्याच्या ओरडण्याला कंटाळून चांगले सुपरवायझर काम सोडून चालले होते. खुर्चीत बसायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, मी काय येडा हाय का? मला कशाला धाडलंय हितं?"

"तसं काही नाही. आधी जरा शांत होऊया. डोळे मिटा. श्वास येतोय, जातोय, फक्त बघत राहा."

त्याने डोळे मिटले. थोड्याच वेळात त्याच्या कपाळावर घाम आला आणि हात खुर्चीच्या दांडीवर आवळले गेले. निशाला ते दिसलं. दिसलं, पण तिला वाटलं, नवीन माणूस आहे, होतं असं. "सोडू नका," ती म्हणाली, "श्वासावर या परत."

अमरसिंह ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. "बास! न्हाय जमत मला हे!" एवढं म्हणून तो जिना उतरून गेला. खालच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट वर येऊन बघून गेली.

त्यानंतर निशाला चैन पडेना. फोन उचलायची, मेसेज लिहायची, पुसायची. माफी मागावी की समजावून सांगावं, हेच ठरत नव्हतं. स्वतः ध्यानाला बसली तर डोळ्यांपुढे ती पडलेली खुर्ची. जेवताना प्रसेनजीत काय बोलला ते तिला आठवेना. तो घाम तिला दिसला होता, तरी ती बोलत राहिली. का? तो बसून राहावा म्हणून, की आपली पद्धत खोटी पडू नये म्हणून?

अशातच विजयसिंहांचा फोन आला. "काय म्हणतोय आमचा वाघ? सरळ सांगा. ठेवायचा का काढायचा? हे निस्तरलं की बाकीचे मॅनेजरबी तुमच्याकडंच धाडतो."

निशाच्या तोंडात उत्तर तयार होतं: जरा अवघड केस आहे, पहिल्याच भेटीत उठून गेले. तिचा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता. आणि तिच्या ध्यानात आलं, आपल्याला बोलायची घाई झालीय. या माणसाला खूश करायची घाई. ती थांबली. फोनवरची शांतता तिला असह्य होत होती, तरी थांबली.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. "त्यांच्या-माझ्यातलं बोलणं मी तुम्हाला सांगू शकत नाही, साहेब. आणि ठेवायचं की काढायचं, हे मी ठरवायचं नाही. सुरुवातीलाच आपलं तसं ठरलंय."

"आमी पाठवलाय त्याला!"

"व्हय, तुम्हीच पाठवलाय. तरीपण नाही."

त्यांनी फोन ठेवला. निशा गॅलरीत जाऊन उभी राहिली, परत आत आली, परत बाहेर गेली. मग तिने अमरसिंहला दोनच ओळी लिहिल्या: परवा माझं चुकलं, तुम्हाला त्रास होत होता तरी मी थांबले नाही. यावंसं वाटलं तर या, डोळे मिटायचे नाहीत.

आठवडा संपता संपता तो आला. दारातच उभा राहिला. "मालकास्नी काय सांगितलंसा?"

"काही नाही."

"ते चिडलेत तुमच्यावर. तवाच कळलं मला, तुमी काय सांगितलं नसणार." तो बसला. बराच वेळ रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज ऐकत राहिला. निशाच्या मनात प्रश्नांची रांग लागली होती. तिने दोन्ही तळवे मांडीवर दाबून धरले आणि एकही प्रश्न विचारला नाही.

"गगनबावड्याकडं गाव आमचं," तो हळू म्हणाला. "कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत धाकट्या भावाला बेडच मिळंना. घरातच सिलिंडर लावलाता. मी शेजारी बसून त्याचा श्वास बघायचो. येतोय का, येतोय का. दुपारी जेवलो आन जरा डोळा लागला माझा. उघडला तर... संपलंतं सगळं."

त्याने मान वर करून निशाकडे बघितलं.

"आन तुमी म्हणला, डोळे मिटा, श्वास बघा." तो कसनुसा हसला. "जेवणाच्या सुट्टीत कुणी डुलकी घेताना दिसला ना, माझं डोकंच फिरतंय बगा. परवा एका सुपरवायझरला त्यासाठीच फाडून खाल्लं. त्याला काय ठाऊक?"

तिला त्याला धीर द्यायचा होता, पटकन काहीतरी बरं बोलायचं होतं. तिने स्वतःला आवरलं. मग म्हणाली, "कामावरच्या गोष्टीत मी तुमच्यासोबत आहे. पण हे माझ्या हातात घ्यायचं काम नाही, अमरसिंह. यासाठी मानसोपचाराचे डॉक्टर हवेत."

"म्हंजे शेवटी येडाच की मी!"

"पाय मोडला असता तर हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. तसंच हे."

तो रागावून गेला, पण या वेळी खुर्ची पडली नाही. डॉक्टरकडे जायला त्याने महिना लावला. बायकोने हाताला धरून नेलं म्हणून गेला. विजयसिंहांनी बाकीचे मॅनेजर पुण्याच्या एका संस्थेकडे धाडले. निशाला ते लागलं. पुढचे काही महिने ऑफिसात माणसं कमी आणि तिच्या येरझाऱ्या जास्त, असं चाललं. अमरसिंहचं कोचिंग मात्र त्यांनी तिच्याकडून काढून घेतलं नाही.

प्लांटवर तो अजूनही ओरडतो. फक्त एकदा मध्येच थांबला, त्या सुपरवायझरकडे बघितलं आणि "चुकलं माझं" म्हणाला. अख्खी शिफ्ट गार पडली, असं त्यानेच येऊन निशाला सांगितलं, आणि सांगताना पोरासारखा लाजला.

आता त्यांच्या भेटी सकाळी विद्यापीठाच्या आवारात होतात, चालत. बोलायचं नसेल तेव्हा दोघं नुसतं पावलांकडे लक्ष देतात: टाच टेकली, चवडा टेकला. त्यातही गंमत अशी की हळू चालणं दोघांनाही येत नाही. "मॅडम, पळताय कुठं?" तो मागून ओरडतो. ती थांबते, तो येऊन गाठतो, आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून चालायला लागतात.