तीन खाने माझे, तीन साडूचे

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, रक्कम नऊ हजार रुपये. हजर माणसे पाच: मी, माझी बायको, माझा साडू आणि रिसोडच्या एका दिवंगत वकिलांचे दोन मुलगे.

वकिलांचे पुस्तकांचे कपाट जुने, सागवानी होते. सहा सुटे खाने एकावर एक बसवलेले, खाली पाया, वर माथा. प्रत्येक खान्याला काचेचे दार. ते उचलून आत सरकवायचे. मला सगळे हवे होते. पण घराची वाटणी झालेली, आणि कपाट सुटे होते म्हटल्यावर भावांनी तेही वाटून घेतले. थोरल्याला पाया आणि तीन खाने, धाकट्याला तीन खाने आणि माथा. थोरल्याचा हिस्सा मी घेतला. धाकट्याकडे महिन्याची मुदत मागत होतो, तेवढ्यात आम्हाला गाडीतून घेऊन आलेला साडू म्हणाला, "हे मी नेतो. नऊ हजार आत्ताच घ्या."

"तुमाले कायले पाह्यजे? घरात एक पुस्तक नाही!"

"पुस्तकं पाहाले तुमच्या घरी येतोच नं मी, साडभाऊ."

सगळ्यांत आधी माझी बायको हसली.

रिसोडजवळच्या मालेगावात आमची घरे एकाच गल्लीत. त्याने खान्यांखाली काळी फरशी घातली, आत चिनी मातीचे कप मांडले, दिवाळीत बारीक दिवे सोडले. येणारा-जाणारा थांबून पाहायचा. माझ्या कपाटावर धूळ पडू नये म्हणून मेणकापड होते. पाहुणे त्यावर पिशव्या ठेवायचे.

"माथा मले विका," मी त्याला म्हणालो.

"पाया द्या, मंग पाहू."

त्याच्याकडे चहाला गेलो की नजर त्या माथ्याच्या कंगोऱ्यावरच जायची. मी जाणे कमी केले.

शेवटी मिस्त्रीकडून तसाच माथा करून घेतला. आठ दिवस खूश होतो. मग कळले, साडूने त्याच मिस्त्रीकडून माझ्या पायासारखा पाया करून घेतला. म्हणजे त्याचे नवे लाकूड जमिनीपाशी, कोणाला दिसत नाही. माझे नवे लाकूड डोळ्यांसमोर.

"त्याईले केवढ्यात देल्ला?" मी मिस्त्रीला विचारले.

"दोन हजारात. खालचं काम, पॉलिश कमी लागते."

माथ्याचे मी दोन हजार चारशे दिले होते, रोख, त्याच मिस्त्रीच्या हातात.