निंबगावची शाल

निंबगावच्या देवळात माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी अजिबात अवघडलो नाही. आता आठवलं की अवघडतो.

मी मोडी वाचतो. पेशवाईतले कागद ज्या वळणदार लिपीत लिहिलेत, ती वाचून लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देतो. सदाशिव पेठेत घराच्या पुढच्या खोलीत माझं टेबल आहे. त्याला मी ऑफिस म्हणतो. बायको पसारा म्हणते.

त्या ऑफिसात पुण्यालगतच्या वारज्याचे नाना आले. वय ऐंशीच्या पुढे, सोबत मुलगा सोपान. सोपानचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांच्या शेतात आता बिल्डिंगा उभ्या आहेत, पण नानांची अडचण त्याहून जुनी होती.

"आमच्या कुळाची देवी कुठली, ते ठाव न्हाई," नाना म्हणाले. "मूळपुरुष सुभानजी. पेशवाईत वारज्याला आला. कुठनं आला, ते सांगायचंच राहून गेलं."

"मग नैवेद्य कुणाला दाखवता?"

"तिलाच की. उगवतीला तोंड करून ताट ठेवायचं आन् म्हणायचं, आई, जिथं असशील तिथं गोड मानून घे. माझा बाप हेच म्हणायचा. मरायच्या आत एकदा तिची ओटी भरायची हाय. बास."

त्यांच्याकडे एकच जुना कागद होता. सुभानजी बिन तुकोजी याने वारज्यात वस्ती करावी, एवढाच मजकूर आणि खाली साल. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. मूळ गावाचा पत्ता नाही.

मी त्र्यंबकेश्वरला गेलो. तिथल्या उपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. यात्रेला आलेल्याचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं त्यात उतरवलेलं असतं. नानांच्या आडनावाची तीन पानं निघाली. तिन्हींचे फोटो काढले. तिसऱ्या पानावर नाव होतं: सुभानजी बिन तुकोजी, मौजे निंबगाव.

पहिली दोन पानं वाचायची राहिली होती. मी तिथूनच फोन लावला.

"नाना, सापडलं!"

नानांनी फोन सोपानकडे दिला. मग सोपानचा आवाज आला. "रडतायत. सर, साल जुळतंय ना?"

"दोन्ही पेशवाईतलीच आहेत."

जणू पेशवाई म्हणजे एक दुपार. नानांच्या कागदावरचं साल अरबी मोजणीतलं, वहीतलं शकातलं. कोष्टक घेऊन दोन्ही आजच्या सालात बदलायची आणि मग शेजारी ठेवायची, हे मी माझ्या मोडीच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतो. दहा मिनिटांचं काम. म्हटलं, सावकाश करू.

पंधरा दिवसांत टेम्पो ट्रॅव्हलर आणि दोन गाड्या भरून आम्ही निंबगावला. नानांनी सुनेच्या हातून ओटी भरली, स्वतः उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मग माझा सत्कार झाला. तेवढ्यात गावातले एक म्हातारे बाबा म्हणाले, "पण आमीबी पुण्याकडनंच आल्यालो, असं आमचं वाडवडील सांगायचं."

मी लगेच माईक घेतला. "बघा मंडळी, नात्याची ओढ दोन्हीकडून असते!" पुन्हा टाळ्या. जिथे विचार करायचा तिथे भाषण करायची माझी जुनी सवय आहे.

सत्काराच्या गडबडीत नाना त्या बाबांकडे बघत होते. ते मला आज आठवतं.

पुढे वंशावळ फ्रेम करून द्यायची म्हणून एकदाची कोष्टकं काढली. निंबगावचा सुभानजी वारज्याच्या सुभानजीपेक्षा पन्नासेक वर्षांनी अलीकडचा. आपल्याकडे आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव ठेवतात. म्हणून सुभानजीचा तुकोजी, तुकोजीचा पुन्हा सुभानजी. मी नातवाला आजोबा समजलो होतो. मग पहिलं पान वाचलं. तिथे खरा सुभानजी होता: मूळ गाव आंबवडे, हल्ली वस्ती वारजे. दुसऱ्या पानावर त्याचा मुलगा तुकोजी, तोही वारज्याचा.

म्हणजे निंबगावकर वारज्यातूनच तिकडे गेलेले. देवी त्यांनी नव्या गावात बसवलेली. ते बाबा बरोबर सांगत होते. आंबवडे अगदी वेगळ्या दिशेला.

"फोन करा नानांना," बायको म्हणाली.

"आधी जरा खात्री करतो."

"शाल घेताना केली होतीत?"

खात्रीला एक मिनिट लागलं. फोन काही होईना. आधी पितृपक्ष होता. मग नवरात्र आलं, आणि कुळाची देवी चुकली हे ऐन नवरात्रात कसं सांगायचं? मग दिवाळी, सणाचे दिवस. दिवाळीनंतर फोन आला तो सोपानचा. नाना गेले होते.

तेराव्यानंतर वारज्याला गेलो आणि सोपानला सगळं सांगितलं. तो चिडेल अशी तयारी करून गेलो होतो. तो नुसता मान हलवत राहिला.

"नानांना वाटलंच होतं," तो म्हणाला. "परत येताना गाडीतच म्हणाले, ते बाबा पुण्याकडनं आलो म्हणतात, हे उलटं तर न्हाई? मी म्हटलं, सरांना फोन लावतो. तर म्हणाले, नको, एवढी खटपट केलीय त्यांनी, वाईट वाटंल."

"मग नवरात्रात नैवेद्य..." मी कसंबसं विचारलं.

"निंबगावचं नाव घेतलं मोठ्यानं. पोरांसमोर. आणि ताट उचलताना हळूच म्हणाले, आई, जिथं असशील तिथं."

पुढच्या महिन्यात सोपान सगळ्यांना घेऊन आंबवड्याला जाऊन आला. देवी आहे. गावात त्यांचं आडनाव ओळखीचं निघालं, ओटी भरली. मलाही बोलावलं होतं. क्लास आहे म्हणून सांगितलं. त्या दिवशी क्लास नव्हता.

हल्ली नाव सापडलं की मी आधी साल मांडतो. आणि चूक सापडली की आधी फोन करतो. यातल्या दुसऱ्या कामाला मोडी यावी लागत नाही.