भिंतीपलीकडचा आवाज

स्टिरिओ बराच वेळ चालू राहिला की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला आमच्या कळव्याच्या घरातली ती रविवारची दुपार आठवते. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आई-बाबांच्या नौपाड्याच्या घरात त्यांच्या गाण्याची एक जुनी कॅसेट सापडली, ती मी फोनवर उतरवून घेतली आणि आईला ऐकायला बोलावलं. आमच्या स्टिरिओचा बेस नवऱ्याने त्याच्या नाचाच्या गाण्यांसाठी वाढवून ठेवलेला, त्यामुळे बाबांचा आवाज रांजणातून आल्यासारखा घुमला. आई म्हणाली, "हे कोण गातंय?" मी बेस कमी केला, तर आवाज पत्र्यासारखा चिरका झाला. गळा जरा सुधारला की तबला नाहीसा व्हायचा, तबला आणला की गळा बिघडायचा. मी सारखी उठून बटण फिरवत होते आणि आई सोफ्याच्या कडेला पदराशी चाळा करत बसली होती. शेवटी ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिला सहन होईना, असं वाटून मी गाणं बंद करायला गेले, तेवढ्यात ती आतून म्हणाली, "राहू दे गं. ते बाहेरच्या खोलीत गायला बसायचे तेव्हा मी आत पोळ्या लाटत असायचे. मी त्यांना कायम असंच ऐकलंय." मी आत जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. भिंतीपलीकडे बाबा गात होते. अजूनही ते गाणं लावलं की मला बाहेरच्या खोलीत बसवत नाही.