निधन वार्तेतलं नाव

ऋतिकाला सव्विसाव्या वर्षी एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. एक जळगावात, एक धुळ्यात.

जळगावच्या दैनिकात ती दोन वर्षं हंगामी उपसंपादक होती. तिथे तिला कायम करायचं घाटत होतं. धुळ्यात स्वप्नील नावाचा तरुण अहिराणी विनोदी भागांचं चॅनेल चालवायचा. त्याला पूर्णवेळ लिहिणारं माणूस हवं होतं. सुट्टीच्या दिवशी बसून तिने त्याला सात भाग लिहून दिले होते. सासू-सुनेच्या भांडणात म्हैस साक्षीला येते तो भाग इतका फिरला की यावलच्या बसमध्ये कंडक्टरने तो तिलाच दाखवला. हा तिने लिहिलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. तिनेही सांगितलं नाही.

ओळखीचे सगळे म्हणत होते, धुळं. कॉलेजात तिच्या एकांकिकेला बक्षीस मिळालं होतं. माणसं बोलतात तशी ती लिहायची. अशी पोरगी पेपरात करते काय, तर निधन वार्ता. तिच्या टेबलावर तेच काम होतं. स्वप्नील तर फोनवर ऐकवायचाच, "तठे तू मरेल मानसेसना नावं लिखस. आठे ये, जित्ता मानसेसले हासाड." मेलेल्यांची नावं सोड, जिवंतांना हसव. शूटिंग पंधरा तारखेला सुरू होणार होतं. त्याच्या आत हो म्हण, असा त्याचा निरोप होता.

घरी यावलला वडिलांची केळी होती. चुडामणभाऊंना दोन्ही कामं सारखीच अनाकलनीय. पोरगी पेपरात आहे असं सांगितलं की लोक विचारतात, फुकटात छापून आणते का. नाटकात आहे म्हटलं तर काय विचारतील, ते बोलत नसत. आई इंदिराबाईंचं म्हणणं एवढंच, की जळगावहून शेवटची बस मिळते, धुळ्याहून मिळत नाही.

ऋतिका मात्र ठरवू शकत नव्हती. निधन वार्तेचा तिला कंटाळा होता असंही नाही. साचा ठरलेला असतो. येथील रहिवासी अमुक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. मजकूर घरचेच मोबाइलवर पाठवतात, खाली कुणाचा तरी नंबर असतो. बाकीचे लोक तो जसाच्या तसा लावत. ऋतिका त्या नंबरवर फोन करायची आणि एकच गोष्ट विचारायची. ते रोज काय करायचे? लोक आधी गोंधळायचे, मग सांगायचे. कुणी रोज संध्याकाळी स्टेशनवर गाड्या बघायला जायचे. एक आजी रोज दुपारी शेजारच्या मुलीकडून वाचायला शिकत होती. जागा असली तर एक ओळ जायची, नसली तर नाही. आवृत्तीप्रमुखांना सगळे नाना म्हणत. नाना हसायचे. म्हणायचे, मेलेल्या माणसाच्या बातमीत आपण पोस्टमन. पाकीट फोडायचं नाही.

सोमवारी संध्याकाळी सोहनलाल शेठच्या निधनाचा मजकूर आला. बाजारात त्यांचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले होते. मजकूर मुनीम नवलजींनी पाठवला होता. पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे. उठावणा, म्हणजे तिसऱ्या दिवशीची शोकबैठक, बुधवारी दुपारी चार वाजता. ऋतिकाने खालच्या नंबरवर फोन लावला. तो घरचा निघाला. उचलला भंवरीबाईंनी, शेठच्या पत्नीने.

फोन ठेवावा असं ऋतिकाला वाटलं. पण पलीकडून म्हातारी शांतपणे म्हणाली, बोल बेटा. तेव्हा तिने विचारलं.

भंवरीबाईंनी सांगितलं, की दुकान उघडलं की ते आधी पेपरात कोण गेलं ते बघायचे. ओळखीचं असो नसो, उठावण्याला जायचे. मग त्यांनीच विचारलं, काय लिहिलंस ते वाच. ऋतिकाने वाचलं. पलीकडे मागे बायकांचा आवाज येत होता. कुणी भांडी सरकवत होतं.

"चेलना राहिली," भंवरीबाई म्हणाल्या. "दोघांहून मोठी आहे. तिचं नाव आधी घे."

आणि फोन ठेवला.

ऋतिकाने नवलजींना फोन केला. चेलना कोण, असं विचारलं. नवलजी आधी फोन घेऊन बाजूला गेले. मग म्हणाले, "ताई, आठ वर्षं झाली त्या गोष्टीला. भुसावळला असते. मी काही बोललो नाही." ऋतिकाला तेवढं पुरलं. मुलीने मनाने लग्न केलं होतं, जातीबाहेर. घराने तिला टाकलं होतं. हे ऋतिकाला कुणी सांगावं लागलं नाही.

तिने बातमी लावली. पश्चात पत्नी, मुलगी चेलना, मुलगे पुनीत व अर्पित, सुना, नातवंडे. शेठ रोज निधन वार्ता वाचत, ही ओळ जागेअभावी राहून गेली.

मंगळवारी दुपारी दोघे भाऊ कार्यालयात आले. पांढऱ्या कपड्यांत होते, चेहरे जागरणाचे. पुनीत बोलला, अर्पित खाली बघत बसला. पुनीतने आवाज चढवला नाही. आमच्या घरात मुलगी नाही, असं तो म्हणाला. आम्ही दिलेल्या मजकुरात नव्हती, मग आली कुठून. नानांनी ऋतिकाला बोलावलं आणि तेच विचारलं.

"घरातून कळलं," ती म्हणाली.

"घरात चाळीस माणसं आहेत," पुनीत म्हणाला. "कुणी सांगितलं?"

नानांनी तिला बाहेर नेलं. पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून त्यांनी समजावलं. हे लोक दर दिवाळीला जाहिरातीचं पान घेतात. पण ते सोड. मुनीम बोलला असेल तर तसं सांग, विषय संपतो. पुढच्या आठवड्यात तुला कायम करायचा कागद वर पाठवायचा आहे. मध्ये हे कशाला?

नानांचं खोटं नव्हतं. एक नाव सांगितलं की ती सुटत होती. तिने मनात दोन्ही नावं सांगून पाहिली. नवलजींचं सांगितलं, तर तीस वर्षांची नोकरी एका दुपारी जाते. भंवरीबाईंचं सांगितलं, तर कालच नवरा गेलेली बाई आज मुलांसमोर उभी राहते, आणि पुढची सगळी वर्षं तिला त्यांच्याच घरात काढायची आहेत.

"नाना, मी खात्री करून लिहिलंय," ती म्हणाली. "कुणाकडून ते नाही सांगणार."

"अगं, तीन ओळींची निधन वार्ता आहे. तू काय घोटाळा उघड केलाय?"

नाना आत गेले आणि त्यांनी स्वतः शुद्धिपत्र लिहिलं. सोहनलाल यांच्या निधन वार्तेत मुलगी असा उल्लेख अनवधानाने झाला आहे. ते पडद्यावर तिच्यासमोरच होतं. तिने वाचलं. अनवधानाने नाही झाला, असं म्हणाली. नाना म्हणाले, मग उद्यापासून नको येऊ. रागात म्हणाले. तिने डबा उचलला आणि बसस्टँडवर गेली.

स्वप्नीलला संध्याकाळपर्यंत कळलं. जळगावातली गोष्ट धुळ्यात पोचायला वेळ लागत नाही. फोन केला तेव्हा तो खूश होता. म्हणाला, बरं झालं, आता मोकळी झालीस. आणि हा तर आयता भाग आहे. पेपरात नाव येतं, घरात बोंब, कुणी सांगितलं त्याचा शोध. नावं बदलू, कापडाचं दुकान काढून भांड्यांचं करू. कुणी सांगितलं म्हणे? सुनेने?

ऋतिका बसच्या खिडकीशी बसली होती. तिला भाग दिसलाही. चांगला झाला असता. पण लिहायचा तर कुणीतरी सांगितलं असं दाखवावंच लागणार. सून दाखवली, तर बाजारात लोक खऱ्या सुनांकडे बघणार. मुनीम दाखवला तर नवलजींकडे. म्हैस दाखवली असती तरी लोकांनी तिच्यात माणूस शोधला असता. पुण्यामुंबईच्या लेखकाने नाव बदललं की गोष्ट परकी होते. इथे नाव बदललं की लोक खरं नाव ओळखायची पैज लावतात.

हा भाग नाही लिहिणार, असं तिने सांगितलं.

"मग दुसरा लिख," स्वप्नील म्हणाला. "पंधरा तारीख ध्यानमा ठेव."

बुधवारी सकाळी शुद्धिपत्र छापून आलं. दुपारी उठावणा झाला. रात्री नवलजींचा फोन आला. ते हळू बोलत होते, मध्येच थांबत होते. चेलना आली होती, म्हणाले. तिने मंगळवारचा पेपर वाचला होता, बुधवारचा नाही. दाराशी येऊन उभी राहिली. पुरुषांच्या बाजूला सगळे तिच्याकडे बघत होते, कुणी उठलं नाही. पुनीत उठू लागला, तेव्हा आतून भंवरीबाई आल्या. त्यांनी लेकीला हाताला धरून बायकांत नेलं आणि शेजारी बसवलं. नात्यातली एक बाई म्हणाली, पेपरवाल्यांनी तर आज माफी मागितलीय, नाव चुकून आलं म्हणून. भंवरीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नाव मी दिलं. त्या पोरीचं काही चुकलं नाही."

मग काय झालं, ऋतिकाने विचारलं. मग काही नाही, नवलजी म्हणाले. मग सगळे बसून राहिले.

गुरुवारी नानांचा फोन आला. ते मोकळेपणाने बोलले. प्रश्न मिटला, पुनीतचंही काही म्हणणं उरलेलं नाही, तू ये. कागद पाठवतो.

"शुद्धिपत्राचं काय?" तिने विचारलं.

"त्याचं काय?"

"ती त्यांची मुलगी नाही असं आपण छापलंय."

"अगं, घरच्यांनी मान्य केलं ना आता? दुरुस्तीची दुरुस्ती कोण छापतं? गाव हसेल आपल्याला."

"हसू द्या. छापल्यावर येते."

नानांनी फोन ठेवला. नंतर आला नाही.

पुढचे दिवस तिने यावलला काढले. चुडामणभाऊंनी एकदाच विचारलं, की त्या बाईला हवं होतं ते मिळालं, तिच्या पोरीला मिळालं, मग तू कशासाठी अडून बसलीस? छापलेलं राहतं, आबा, एवढंच ती म्हणाली. इंदिराबाई म्हणाल्या, हट्टीपणा बापाचाच आहे, आणि दोघांना जेवायला वाढलं.

चौदा तारखेला स्वप्नीलचा फोन आला. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. येतेस की दुसरं माणूस बघू? जळगावहून तोवर काहीच आलं नव्हतं, येईल असं चिन्हही नव्हतं. तिने त्याला तसं सांगितलं. मग म्हणाली, छापल्यावर येते असं नानांना सांगितलंय, म्हणून नाही. "येडी शे तू," स्वप्नील म्हणाला. त्यात राग नव्हता. पंधराला शूटिंग सुरू झालं. लिहायला चाळीसगावची एक मुलगी आली.

म्हणजे आता तिच्याकडे दोन्हीपैकी एकही नोकरी नव्हती.

एकोणिसाला सातव्या पानावर, केळीच्या भावाखाली दोन ओळी आल्या. सोहनलाल यांच्या पश्चात मुलगी चेलना आहेत. याआधीचे शुद्धिपत्र चुकीचे होते. नानांनी छापायचं का ठरवलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

सोमवारी ती रुजू झाली. कायमचा कागद पाठवायची तारीख निघून गेली होती. आणखी सहा महिने हंगामीच, नाना म्हणाले, आणि तिला निधन वार्तेवरून काढून नगरपालिकेच्या बातम्या दिल्या. पहिल्याच दिवशी पिंप्राळ्यातल्या एका गल्लीत नऊ दिवस पाणी नसल्याची तक्रार आली. ती गेली, अकरा घरं फिरली. दोन घरांत पाणी येत होतं. तिने बातमीत तेही लिहिलं.