हॉस्टेलची रंगीत तालीम

सहावीच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी घरोघर मुलांकडून गणितं करून घेतली जातात. चादरीच्या घड्या करून घेणारा माणूस मात्र साऱ्या जगात एकच, आणि तो म्हणजे डोणगावातले आमचे शेजारी, चाचा. चाचांनी उभी हयात ट्रक चालवला. त्यामुळे घराबाहेर राहणं या विषयातले एकमेव जाणकार आपणच, असं त्यांचं ठाम मत. माझी सानू पाचवीत गेली, मी परीक्षेचं पुस्तक आणलं, आणि चाचांनी कुंपणावरूनच जाहीर केलं, ‘‘पास व्हाचं तुमी पाहा बेटा. तिथं टिकाचं मी पाह्यतो.’’

म्हणजे काय, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. उजाडायच्या आत शिट्टी! थंड पाण्याची आंघोळ, आपले मोजे आपण धुवायचे, आणि बादली नजरेआड होऊ द्यायची नाही. संध्याकाळी त्यांच्या अंगणात ताट घेऊन रांग लागायची. रांगेत सानू एकटीच, तरी चाचा दरडावणार, ‘‘ढकलाढकली नाई पाह्यजे!’’ हॉस्टेलचं वरण पातळ असतं म्हणून चाचीशी त्यांचं रोजचं भांडण. ‘‘मेरे हाथ से नहीं होती पतली,’’ असं चाची ठसक्यात म्हणायची. मग चाचा स्वतःच त्यात पेलाभर पाणी ओतायचे. त्यांनी पाठ फिरवली की चाची सानूच्या ताटात तुपाचा पराठा सरकवायची, आणि चाचा बराच वेळ पाठ फिरवूनच उभे राहायचे.

मी गुणोत्तर शिकवत असले की चाचा मध्येच डोकावून विचारणार, ‘‘काऊन गं, आईची याद आली तं काय करशीन?’’ झालं! सानूचे डोळे भरायचे आणि गुणोत्तर जायचं खड्ड्यात. ‘‘चाचा, आधी पास तर होऊ द्या तिला!’’ मी ओरडायचे. पण खरी भीती मलाही तीच होती. माझ्याशिवाय पोर एक रात्र कधी झोपली नव्हती.

परीक्षेला चाचा मेहकरपर्यंत सोबत आले. सगळे आईबाप मुलांना किती सोडवलं ते विचारत होते. चाचांनी विचारलं, ‘‘बाजूच्या पोरीशी दोस्ती केली का?’’ केली होती. चाचांच्या लेखी निकाल तिथेच लागला.

खरा निकाल मोबाईलवर आला. यादी कितीदा वरखाली केली, सानूचं नाव नव्हतं. चाचांना सांगितलं तर ते सायकल काढून गेले आणि गरम जिलेबी घेऊन आले. नापासाची जिलेबी गावात पहिल्यांदाच आली असेल. माझं डोकंच फिरलं. ‘‘मग वर्षभर पोरीला पिदडलंत कशाला?’’

‘‘पोरीची तयारी केली ना बेटा,’’ जिलेबी मोडत चाचा म्हणाले, ‘‘माह्यी कुठं झाली होती?’’ मग एक तुकडा माझ्यापुढे धरत म्हणाले, ‘‘माह्ये पोरं मोठे झाले तवा मी गाडीवर. घरी आलो का सारे झोपलेले. जागं लेकरू मी हे एकच पाह्यलं.’’

यावर कुणी काय रागवावं? खरं सांगते, यादीत नाव दिसलं नाही तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला होता. सानू आता गावातल्याच शाळेत जाते, आणि शाळा सुटली की आधी चाचांच्या घरी, मग आमच्या. दहावीनंतर तिला बाहेर जावंच लागेल. तो विषय मी अजून चाचांपुढे काढलेला नाही.