पाणी डोंगरात हाय की

वाळवलेल्या भाताची मूठ आमच्या कानाशी धरून अण्णा खुळखुळवायचे आणि विचारायचे, "वाजतंय काय बगा, मास्तर." स्वतःच्या कानांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. वडगावात त्यांचे दोन यंत्रमाग होते आणि त्या खडखडाटात कान कधीच गेले होते. भात वाजला की पिशवीत. नाही वाजला की परत गच्चीवर, उन्हात.

आमची शाळा त्यांच्या शेडला लागूनच. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्गात माझ्यापेक्षा मागाचाच आवाज मोठा, म्हणून एकदा चिडून तक्रार करायला गेलो, तर हा गृहस्थ गच्चीवर जुन्या लुगड्यावर शिजलेला भात पसरत बसलेला. म्हणाले, "दिवाळीत डोंगरात जातोय. येताय काय?" तक्रार राहिली बाजूला. त्या दिवाळीपासून आम्ही तिघे मास्तर त्यांच्यामागून पारगडापर्यंत चालायला लागलो. मुक्काम देवळात, जेवण पाठीवर.

निघण्याआधी अण्णा आमच्या पिशव्या ओट्यावर उपड्या करायचे. बटाटे बाहेर, कांदे बाहेर. माझ्या बायकोनं दिलेले लाडू ठेवले, डबा मात्र घरी परत धाडला. "कांद्यात निस्तं पाणी असतंय. पाणी कशाला पाठीवर घ्यायचं? पाणी डोंगरात हाय की." त्यांच्याकडचा कांदा वाळून पाचोळा झालेला असायचा. सोबत भाजलेल्या डाळीचं तिखट-मीठ घातलेलं पीठ. उकळत्या पाण्यात ढवळलं की पिठलं तयार. चव, तुमच्यापासून काय लपवायचं, बेताचीच. पण दिवसभर तंगडतोड केल्यावर चवीची चौकशी कोण करतो?

एका वर्षी तर कहरच झाला. पीठ पाण्यात पडलं आणि बघता बघता पातेल्यात घट्ट, चकचकीत गोळा झाला. घरात एक जुना हातमागही होता, त्याच्या सुताला लावायच्या खळीचं पीठ अण्णांनी चुकून उचललं होतं. अण्णांनी शांतपणे त्यावर चटणी घातली. "सुताला चालतंय, मग आपल्याला काय झालं? खावा." आम्ही खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी चढावर वाकला की अण्णांचा आवाज यायचा, "एवढी खळ पोटात आणि ताठ चालाय येत न्हाय व्हय?"

पारगडाच्या टोकावर उभे राहून ते खाली कोकणाकडे बघायचे. अण्णांनी समुद्र पाहिलेला नव्हता. एकदा तिथवर पायी जायचं, हा त्यांचा ध्यास. पण दरवर्षी माग सुरू करायची घाई, आणि "फुडच्या साली" म्हणून आम्ही माघारी फिरायचो.

पुढची सालं त्यांच्या छातीला मानवणारी नव्हती. सुताची पूस, ती तंतूंची बारीक धूळ, आयुष्यभर नाकातोंडात गेलेली. गडाच्या पायऱ्यांवर ते आधी एकदा बसायचे, मग सारखेच बसायला लागले. दरवर्षी सामान आणखी हलकं होऊ लागलं. आधी चहाची साखर गेली, मग चिंच, मग अंथरूण. आम्ही त्यांची हुशारी वाखाणायचो. वहिनी मात्र एकदा मला दारात थांबवून म्हणाल्या, "हुशारी कसली भावजी, दम पुरत न्हाय त्यांला." ऐकून मी फार खचलो. त्यानंतर त्यांच्यामागून चालताना माझं लक्ष वाटेकडे कमी आणि त्यांच्या श्वासाकडे जास्त असायचं.

शेवटी एका दिवाळीला समुद्राचं नक्की ठरलं. अण्णांनी सगळ्यांचं जेवण वाळवलं, पुड्या बांधल्या. त्यांचं ओझं आम्ही वाटून घेतलं, ते त्यांना आवडलं नाही. मोकळ्या हातांनी चालत आले, पण गडाच्या पायथ्याशी टेकले ते उठेनात. "तुमी जावा," म्हणाले. आम्ही घुटमळलो तर चिडले. "जावा म्हंतो न्हवं! केलेलं वाया घालवताय काय?" गावातल्या एकाच्या बैलगाडीतून त्यांना रस्त्यापर्यंत पोचवलं, परतीच्या एसटीत बसवलं आणि आम्ही तिघे घाट उतरलो.

समुद्र मोठा होता, एवढंच सांगतो. आम्हाला त्याचं काही कौतुक करवलं नाही.

परत आलो तेव्हा अण्णा शेडच्या ओट्यावर बसले होते. माग बंद होते. मी त्यांच्या वाटणीची पुडी पुढे केली. तिघांपैकी कुणालाच ती फोडवली नव्हती.

"हे कशाला वागवलंसा तिथवर?" ते म्हणाले. मग वहिनींकडून गरम पाणी मागवून तिथंच भिजवलं आणि खायला लागले. एक घास, मग थांबून श्वास, मग दुसरा घास.

"तिकडं बी असंच लागत हुतं काय, मास्तर?"

मी कानाशी वाकून म्हणालो, "न्हाय अण्णा. वाऱ्यानं जरा खारट लागत होतं."

त्यांनी घास हातातच थांबवला. आत वळून म्हणाले, "अगं, जरा मीठ आण."